मामीचा पाचवा तारा

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत माझ्या मामीने ज्याला तारे दिलेले नाहीत असा माणूस, बैल, चहा किंवा लग्नाचा मांडव कुणी शोधून दाखवला, तर मी माझं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान त्याच्या नावावर करून द्यायला तयार आहे. दुकान हातचं जाईल ही भीती मला अजिबात नाही. मामी तारे देते ते पाचापैकी, पेन्सिलीने, एका लाल पुठ्ठ्याच्या वहीत. ही वही तिच्या पिशवीत पानाच्या डब्याला खेटून असते, त्यामुळे तिच्या सगळ्या निकालांना थोडासा काताचा वास येतो. माझ्या लग्नाला तिने साडेतीन तारे दिले होते. अर्धा पंगतीत पाणी उशिरा आलं म्हणून गेला आणि एक माझ्यामुळे गेला, असं तिने माझ्या बायकोला दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं. बायकोला मामी त्या दिवसापासून फार आवडते.

नोकरीत असताना मामी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होती. निवृत्त झाल्यावर माणसं पारावर बसतात किंवा तब्येतीच्या मागे लागतात. मामीला मात्र एका संस्थेने बोलावून घेतलं. दोन्ही तालुक्यांतल्या बालवाड्या आणि पाळणाघरं तपासायची, संस्थेचा छापील तक्ता भरून त्यांना तारे द्यायचे आणि जिथं कमी असेल तिथं सुधारणा करून घ्यायची, असं काम होतं. संस्थेने जीप देऊ केली, ती मामीने नाकारली. "जीप यायच्या आधी धुरळा येतो, आन् धुरळ्याच्या आधी फोन," असं तिचं म्हणणं. म्हणून मग माझी स्कूटर. दुकान बायकोवर टाकून मी मामीला मागे बसवून हिंडायला लागलो. माझ्या स्कूटर चालवण्याला तिने दोन तारे दिले ते आजतागायत वाढलेले नाहीत.

अर्थात फोन स्कूटरच्याही पुढे जातो. हे आम्हाला एका लाल घोड्यामुळे कळलं. प्लॅस्टिकचा, डुलणारा, एक कान तुटलेला असा तो घोडा एका बालवाडीत आम्हाला पहिल्यांदा दिसला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात तसाच एक दिसला. तिसऱ्या ठिकाणी मला शंका आली. चौथ्या ठिकाणी मामीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "दमलास व्हय रं? काल तिकडं, आज हिकडं." तिथल्या ताईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सगळ्या ताईंनी मिळून हा बेत केला होता. आमची स्कूटर एका गावातून निघाली की कुणाचा तरी नवरा दुधाच्या गाडीवर तो घोडा आडवाटेने पुढच्या गावात पोचवायचा. मामी चिडेल असं मला वाटलं होतं, पण तिला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. घोडा कपाटावर ठेवलेला होता. "मागून आनलास त्याचं काय न्हाय गं," ती ताईंना म्हणाली, "पर आनलाच हुतास तर एखादं पोरगं तरी बसवायचं." वहीत तिने घोड्याची वेगळी नोंद केली. त्याला चार तारे मिळाले, म्हणजे माझ्या लग्नापेक्षा अर्धा जास्त.

छापील तक्त्यात भिंतीवरची चित्रं, वजनकाटा, हजेरीपट असलं सगळं होतं. मामी तो इमानदारीने भरायची, एक खूण इकडची तिकडे करायची नाही. पण तिची स्वतःची तपासणी वेगळीच होती. ती गेल्या गेल्या दाराजवळ फरशीवर मांडी घालून बसायची आणि तास-दीड तास काही बोलायचीच नाही. रडणाऱ्या पोराला किती वेळाने उचललं जातं ते बघायची. हात पुसायच्या फडक्याचा वास घ्यायची. ताईंच्या साडीला गुडघ्यापाशी मळ आहे का ते बघायची, कारण मळ नसेल तर ही बाई दिवसभर उभ्यानेच बोलते, असं तिचं गणित होतं. आमच्या जळोचीत मी हौसेने माझ्या मुलीला ज्या शिशुवर्गात घातलं होतं, तिथं थंड हवेचं यंत्र होतं, भिंतीवर हत्ती-जिराफ होते, दारात गणवेशातला रखवालदार होता. मामी तिथं पाऊण तास बसली आणि दीड तारा देऊन उठली. "समद्यांच्या साड्या कशा कोऱ्या करकरीत," एवढंच म्हणाली. मी आठवडाभर तिच्याशी बोललो नाही. मग एक दिवस मी स्वतः तिथं तासभर बसून पाहिलं, आणि मुलीला तिथून काढलं. हे मामीला मी अजून सांगितलेलं नाही, पण तिला माहीत आहे.

आणि पाचवा तारा? तो तिने कुणालाच दिला नव्हता. एकदा मी विचारलंच, की बाई गं, हा ठेवलायस कुणासाठी? तेव्हा ती म्हणाली, "सकाळी येताना रडनारं पोर कुठंबी आसतं. सांजच्याला घरी जाताना रडनारं पोर दाव मला. तवा पाच." आयुष्यभरात असं पोर तिला भेटलं नव्हतं. आई आली की सगळी धावत सुटतात, आणि त्यांनी तसंच सुटावं, असंही तीच म्हणायची.

इंदापूरच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या मागे हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात, म्हणजे बांबू आणि उसाच्या पाचटाच्या झोपड्या. तिथं पत्र्याच्या एका शेडमध्ये संस्थेचं पाळणाघर होतं. आम्ही गेलो तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. हजेरीपटावर पोरं भरपूर होती, शेडमध्ये चार. सांभाळायला जवळच्या गावची एक ताई होती, तरणी, भिडस्त, मामीला बघून हातातला झाडू कुठं लपवावा हे न कळलेली. मामी नेहमीप्रमाणे बसली. उठली तेव्हा तक्त्यावर एक तारा होता.

स्वतःच्या पाळणाघरांसाठी संस्थेचा नियम असा होता की दोनपेक्षा कमी तारे मिळाले तर पाळणाघर बंद. ताई रडायला लागली. मजुरांच्या टोळीचा मुकादम धावत आला. "मावशी, बंद करू नगा. मागं एकदा पाचटात निजलेल्या पोरावरनं ट्रॉली जाता जाता ऱ्हायली. शेड हाय म्हनून चार तरी पोरं हितं आसत्यात." मीही मामीला बाजूला घेतलं. एका खुणेने काय बिघडतं, म्हटलं, भिंतीवर चित्र आहे असं लिही, मी उद्या आणून चिकटवतो. मामी ऐकेना. मला त्या दिवशी तिचा खरोखर राग आला. इतका, की प्लॅस्टिकच्या घोड्याच्या पाठीवरून हात फिरवणारी बाई पोरांच्या जिवाशी असं कसं वागते, असं मी तोंडावर बोललो.

"एकाचं दोन केलं तर शेड ऱ्हाईल," ती म्हणाली. "पर पोरं कुठं हायेत? आजबी ती फडातच हायेत की. खोटं लिवलं तर कायमची तितंच ऱ्हातील."

मग तिने तक्ता उलटा केला. मागच्या बाजूला अगदी तळाला एक ओळ होती, जी आजवर कुणी वाचली नसावी. सुधारणेसाठी मुदत मागता येईल आणि जबाबदारी अमुक व्यक्तीची राहील. मामीने हंगाम संपेपर्यंतची मुदत मागितली आणि जबाबदारीच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. तोवर दोन तारे झाले नाहीत, तर पुढच्या हंगामात शेड उघडणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामीने मला उठवलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे रोग अगदी साधा होता. शेड उघडायचं दहाला आणि पोरांच्या आया ऊस तोडायला फडात जायच्या पहाटे, तेव्हा पोरं तिथं राहतीलच कशी? ताईला पहाटे यायला तिच्या सासूची परवानगी नव्हती. मामी सासूकडे जाऊन बसली, चहा प्याली, त्याला चार तारे दिले आणि वही उघडून तिला ते दाखवलेही. सासूने तो निकाल गल्लीत सांगून झाल्यावर सुनेला पहाटे धाडायला सुरुवात केली. पोरांना दिवसभर तोच तो कोरडा खाऊ न देता कोप्यांवर खातात तशी बाजरीची भाकरी दुधात कुस्करून द्यायची ठरली. सगळ्या पोरांची खरी नावं ताईने पाठ केली. तो लाल घोडाही एके दिवशी दुधाच्या गाडीवरून आला, मामीने तसा निरोपच धाडला होता, आणि तो परत गेला नाही.

शेडमधली पोरं वाढली, पण एक गोष्ट मामीला खुपत होती. बारकी म्हणून एक तीन-साडेतीन वर्षांची मुलगी होती. खरं नाव अश्विनी. ती आपलं गाठोडं मांडीवर घेऊन दिवसभर एका जागी बसायची. त्यात एक फ्रॉक, एक वाटी आणि बाटलीचं एक झाकण होतं. घोडा समोर डुलत असला तरी उठायची नाही, कारण उठायचं तर गाठोडं ठेवायचं कुठं? मामीने माझ्या दुकानातून मूठभर खिळे उचलले आणि शेडच्या लाकडी पट्टीवर, पोरांच्या हाताला येतील इतक्या खाली, स्वतः ठोकले. प्रत्येक खिळ्यावर एकेक चित्र चिकटवलं. आंबा, बैल, छत्री, पोपट. "ह्यो तुजा," ती प्रत्येकाला सांगायची, "हितं दुसऱ्या कुनाचं काय अडकवायचं न्हाय." बारकीने पोपट निवडला. दोन दिवस नुसती बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने गाठोडं खिळ्याला लावलं, चार पावलं लांब गेली, परत येऊन हात लावून पाहिलं, आणि मग घोड्यावर जाऊन बसली ती उतरेना. मामीने त्या दिवशी पान खाल्लं नाही. तिच्या बाबतीत हा मोठा प्रसंग समजायचा.

त्या वर्षी कारखान्याचा पट्टा लवकर पडला, म्हणजे ऊस संपून गाळप थांबलं. आदल्या संध्याकाळी मुकादमाचा फोन आला आणि सकाळीच आम्ही पोचलो. कोप्या मोडून ट्रॉल्यांत भरणं चाललं होतं. मामीने घाईघाईने तक्ता भरला. एक खूण इकडची तिकडे न करता तीन तारे झाले. ताईने मामीचे पाय धरले, मुकादमाने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मीही खूश होतो. मामी वाकून सही करत होती, तेवढ्यात शेडमधून आवाज आला.

बारकीची आई तिला न्यायला आली होती. बारकीने एका हाताने पोपटाचा खिळा धरला होता आणि ती रडत होती. आई गाठोडं काढून घ्यायला लागली तसा तिने टाहो फोडला. "माजा हाय! माजा खिळा हाय!" तिचं बघून छत्रीवाला रडायला लागला, मग बैलवाला, मग सगळं शेड. बायकांना कळेना हसावं की काय करावं. शेवटी एकेकाला उचलून ट्रॉलीत चढवलं. ट्रॅक्टर निघाले तरी आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

मामी दाराजवळ फरशीवर बसली. तिने लाल वही काढली आणि पेन्सिलीने सावकाश पाच तारे काढले. पाचवा जरा वाकडा आला.

"आयुष्यभर ह्याची वाट बघितली," ती म्हणाली. "मला बरं वाटाया पायजे न्हवं रं?"

परत येताना आम्ही नेहमीच्या टपरीवर थांबलो. चहा तिने निम्मा टाकला आणि त्याला तारे द्यायचे विसरली. स्कूटरवर बसल्यावर मात्र म्हणाली, "पेन्सिलीनं लिवलंय. दिवाळीनंतर येतील तवा दारात रडली, तर खोडनार हाय मी."

दिवाळीनंतर टोळी आली त्या सकाळी मामी खोडरबर हातात घेऊन शेडच्या दारात उभी होती. तिचे गुडघे आता बसू देत नाहीत. ट्रॉली थांबायच्या आत पोरांनी खाली उड्या टाकल्या आणि मामीला जवळजवळ ढकलून ती आत पळाली. ज्याने त्याने आपला खिळा बरोबर शोधला. एकही रडलं नाही. मी मामीच्या हातातून खोडरबर काढून घेतला. तिचं लक्षच नव्हतं. ती पोपटाकडे बघत होती.

बारकीचे आईबाप यंदा दुसऱ्या कारखान्याला गेले, असं मुकादमाने सांगितलं. कोल्हापूरच्या बाजूला. तिथं पाळणाघर आहे का, हे त्याला ठाऊक नव्हतं. ताई एका नव्या पोराला घेऊन पोपटाच्या खिळ्यापाशी गेली, तशी मामी म्हणाली, "त्याला दुसरा ठोक." गेलेल्या पोराची जागा राखून ठेवणं संस्थेच्या नियमात बसत नव्हतं, आणि मामी नियमात न बसणारं काही सांगते हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

वहीतले पाच तारे तसेच आहेत. परवा दुकानात मामी आली, खिळ्यांच्या डब्यात हात घालून एक खिळा निवडला आणि पिशवीत पानाच्या डब्याशेजारी टाकला. पिशवीतून पोपटाचं एक चित्र डोकावत होतं.

"कोल्हापूरला स्कूटरनं किती येळ लागंल रं?" तिने विचारलं.

फार लांब आहे, मी म्हटलं, आणि तुझे गुडघे असे. ती पदर खोचून दुकानाच्या पायरीवर, माझ्या स्कूटरशेजारी, उभी राहिली.