काफलधारचा प्रतिध्वनी

आमच्या काफलधारला बघण्यासारखी आठ ठिकाणं आहेत, असं टॅक्सी स्टँडवरच्या फळ्यावर लिहिलंय. मी इथेच जन्मले, इथेच म्हातारी झाले. मला विचाराल तर दीड आहेत. एक हिमदर्शन, तेही ढग नसले तर, आणि अर्धा माझा चहा. बाकी सगळी कुंदनची करणी. कुंदन म्हणजे टॅक्सीवाल्यांचा पुढारी. सूर्यास्त पॉइंटवर सूर्य आता हॉटेलच्या पाण्याच्या टाकीमागे मावळतो. भीमाची चूल म्हणून जे तीन दगड दाखवतात, तिथे माझे सासरे खेचरं बांधायचे. भीम स्वयंपाकाला आला असता तर लिदीत पाय भरले असते बिचाऱ्याचे.

पाचव्या नंबरचा इको पॉइंट मात्र अस्सल होता. माझी टपरी तिथेच, कठड्याला लागून. समोर अरुंद दरी आणि पलीकडे उभा कातळ. ओरडलं की कातळ तुमचं बोलणं जसंच्या तसं तुमच्या पदरात टाकायचा. मग रस्ता रुंद करायला सुरुंग लावले, अर्धा कातळ खाली आला, आणि त्याबरोबर प्रतिध्वनीही गेला. पर्यटक ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे आणि माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच तो चहात उकळून विकलाय.

"काकी, सात ठिकाणं म्हटली तर गिऱ्हाईक शेजारच्या गावाला जाईल," कुंदन म्हणाला. "त्यांची नऊ आहेत."

"मग पलीकडे बसव कुणाला तरी खोटा प्रतिध्वनी म्हणून," मी आपली थट्टेत म्हटलं.

मेल्याने ते खरंच केलं. दुसऱ्या दिवशी जमनसिंगाला कामावर ठेवलं.

हा जमनसिंग, आमचा जमनदा, म्हणजे या खोऱ्यातला सगळ्यात मोठा गळा. आमच्याकडे या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक घालतात, तिला धात म्हणतात. म्हैस हरवली, पाहुणे आले, कुणाला मुलगा झाला, की लोक जमनदाकडे यायचे. तो डोंगराच्या धारेवर उभा राहून कानाला हात लावायचा आणि निरोप तीन गावं ओलांडून जायचा. पलीकडच्याने उत्तर दिल्याशिवाय हा जागचा हलायचा नाही. पुढे मोबाइल आला आणि जमनदाचा गळा घरी बसला. बरं, मोबाइल तेवढ्यावरच थांबता तर! त्याचा टॉवर उभा करायला रुद्रपूरहून एक मिस्त्री आला, तो जमनदाची एकुलती एक लेक हंसीच घेऊन गेला. कुणाला न विचारता दोघांनी लग्न लावलं. आमच्या जातीचा नाही, गावचा नाही, डोंगरातलासुद्धा नाही.

जमनदा पेटला. गोलूदेवतेच्या देवळात जाऊन, घंटेला हात लावून, पन्नास माणसांदेखत बोलला, "माझ्या तोंडून या पोरीशी माझा एक शब्द निघायचा नाही." झालं. सहा वर्षं नाही निघाला. चैत आला की आमच्याकडे बाप नाहीतर भाऊ लेकीच्या सासरी भिटौली घेऊन जातो, साडी, मिठाई, पुऱ्या. हंसीला भाऊ नाही. सहा चैत गेले, तिच्या दारात माहेरचं कुणी उभं राहिलं नाही. तिची आई देबुली चैतभर माझ्याशी नीट बोलायची नाही, नुसती चुलीत लाकडं कोंबायची.

तर असा हा हट्टी माणूस रोज सकाळी डोक्यावर माकडटोपी, हातात थर्मास घेऊन दरीपलीकडे जायचा, बुरांसाच्या झाडांमागच्या जुन्या खोपटीत दडायचा आणि दिवसभर लोकांचं बोलणं परत करायचा. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त पर्यटकांना नव्हतं.

पहिल्याच दिवशी पंचाईत. दिल्लीचा एक नवरदेव कठड्यावर चढून ओरडला, "पिंकी, आय लव्ह यू!" पलीकडे चिडीचूप. संध्याकाळी जमनदा माझ्याकडे आला तो तोंड लाल करून.

"गोविंदी, परक्या बाईला असं कसं म्हणू? कोण कुठली पिंकी! देबुलीला नाही म्हटलं मी कधी चाळीस वर्षांत."

"तू कुठे म्हणतोयस? तू आपला परत करतोयस."

हे त्याला पटलं. त्यानंतर त्याने एवढ्या पिंक्या, नेहा आणि श्वेतांवर प्रेम केलं की देबुलीने कपाळाला हात लावला. "दिवसभर जगाला लव्ह यू करून येतात आणि घरी आले की डाळीत मीठ कमी!"

कामाला मात्र चोख हं. गुजराती, पंजाबी, तमिळ, जे येईल ते परत. कोलकात्याच्या आया तर प्रतिध्वनी राहिला बाजूला, आधी पोरांवरच ओरडतात, "टोपी घाल!" जमनदा इमानेइतबारे तेही परत पाठवायचा. "टोपी घाल!" अख्खा डोंगर दटावतोय म्हटल्यावर पोरं निमूट टोप्या घालायची. थंडीत सर्दी झाली की प्रतिध्वनी खोकायचा, तेव्हा मी सांगायचे, हवा बदललीय. बिडी पेटवायला लागला की उशीर व्हायचा, तेव्हा सांगायचे, डोंगर लांब आहे. शिव्या तेवढ्या तो परत करायचा नाही. म्हणायचा, ज्याच्या त्याच्याजवळ राहू देत.

या वर्षी चैतात कानपूरचे एक निवृत्त मास्तर आले. विज्ञान शिकवायचे म्हणे. रोज सेकंद मोजायचं स्टॉपवॉच घेऊन यायचे, ओरडायचे, सेकंद मोजायचे आणि वहीत गणित मांडायचे. एकदा जमनदा बिडीत रमला होता. मास्तरांनी हिशेब केला आणि मला म्हणाले, "बाई, या गणिताने समोरचा डोंगर दीड किलोमीटरवर असायला हवा."

"असेल."

"काल अर्धाच किलोमीटर होता."

"मास्तर, पहाड आहे. जरा इकडेतिकडे होतो. चहा घ्या."

कुंदनने मास्तरांना बाकीची सात ठिकाणं फुकटात दाखवायची तयारी केली. पण मास्तर काही हटेनात.

त्याच आठवड्यात देबुली भल्या सकाळी टपरीवर आली. डोळे सुजलेले.

"हंसी आलीय," म्हणाली. "काल खालच्या बाजारात खोली घेऊन उतरलेत. जावयाची बदली झालीय गुवाहाटीला. परवा निघतात. तीन वर्षं येणं नाही, गोविंदी. तिला बापाचा एक शब्द हवाय. मी रात्री यांना सांगितलं, तर शपथ आहे म्हणाले आणि पाठ करून झोपले."

"झोपला?"

"कसले झोपतात. पहाटेपर्यंत उसासे टाकत होते."

"मग देवाची माफी मागून बोलावं ना!"

"तुला माहीत नाही का हा माणूस?" ती म्हणाली. मग माझ्या चुलीत एक लाकूड सरकवून हळूच म्हणाली, "शपथ स्वतःच्या शब्दांची आहे ना, गोविंदी? गिऱ्हाइकाच्या शब्दांची नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षं ही बाई मला साधी वाटत होती!

दहा वाजता हंसी आली. कडेवरून उतरवलेली चार वर्षांची पोर हाताला धरून. मिनी नाव तिचं. कठड्याशी मास्तर घड्याळ घेऊन उभे होतेच, शिवाय दोन गाड्यांची माणसं. हंसी पुढे झाली, कानाला हात लावला आणि धात घातली.

"बौज्यूऽऽ!"

बौज्यू म्हणजे आमच्याकडे बाप. गळाही बापाचाच, दरी भरून गेली. पलीकडे काही नाही. तिने परत हाक घातली. बुरांसाचं पानही हललं नाही.

"बिघडलं वाटतं," गाडीतला एक जण म्हणाला. कुंदन घाम पुसत माझ्या कानाशी आला, "काकी, हिला बाजूला घ्या, पोटावर पाय येईल सगळ्यांच्या!"

"तू गप रे! पोट पोट करतोस, तिचा जीव चाललाय इथे."

हंसीचा चेहरा उतरला होता. देबुली मागून म्हणाली, "अशी नको, पोरी. गिऱ्हाईक होऊन ओरड. तुला जे ऐकायचंय, तेच तू ओरड."

हंसीला कळायला क्षणभर लागलं. मग तिने श्वास घेतला.

"हंसीऽऽ!"

मी मोजत होते. मास्तरही मोजत होते. एक, दोन, तीन, चार.

"हंसीऽऽ!" पलीकडून आलं.

सहा वर्षांत ते नाव त्या माणसाने उच्चारलं नव्हतं. देबुलीने माझा दंड एवढा घट्ट धरला की बोटं उमटली.

"कशी आहेस?" हंसी ओरडली.

"कशी आहेस?"

"बरी आहे!"

"बरी आहे!"

"तुझी आठवण येते!"

जरा वेळ गेला. "तुझी... आठवण येते!"

गाडीतली माणसं खूश झाली, टाळ्या वाजवल्या. त्यांना काय, पैसे वसूल. हंसीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज ढळू दिला नव्हता पोरीने. तिने दोन्ही हातांनी कठडा धरला.

"चूक माझी होती!"

आता मात्र काहीच येईना. मास्तरांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. दहा झाले. वीस झाले. मला वाटलं, गेला हा, पळाला मागच्या वाटेने. मी मनातल्या मनात त्याला अशा शिव्या दिल्या की त्या ऐकून त्यानेही परत केल्या असत्या.

"चूक..." पलीकडून आलं आणि थांबलं. मग फाटक्या गळ्याने, "चूक माझी होती."

हंसी मटकन खालीच बसली. तिच्याने पुढे ओरडवेना. देबुली पदर तोंडात कोंबून रडत होती, मीही रडत होते, खोटं कशाला सांगू. गाडीतली माणसंही गप्प झाली, काहीतरी वेगळं चाललंय एवढं त्यांना कळलं असावं. मिनी तेवढी कठड्याच्या गजांमध्ये नाक घालून दरीत बघत होती. वारा सुटला होता, तिच्या झिपऱ्या उडत होत्या. कुणी ओरडलं नाही, कुणी बोललं नाही.

आणि पलीकडून आवाज आला, खणखणीत, जुन्या जमनदाचा.

"पोरीच्या डोक्यावर टोपी का नाही गं? वारा बघ केवढा सुटलाय!"

मास्तरांनी घड्याळाकडे बघितलं. दरीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"बाई, पण आत्ता तर कुणी ओरडलंच नव्हतं!"

"नव्हतं," मी नाक पुसत म्हटलं.

हंसी ताडकन उठली. "मग तुम्हीच घाला की येऊन!" ती ओरडली, आणि मला एकदम ती दहा वर्षांची हंसी दिसली, बापाशी भांडणारी.

बुरांसामागून प्रतिध्वनी बाहेर आला. मळका स्वेटर, माकडटोपी, हातात थर्मास. दरीच्या पायवाटेने उतरला, ओढा ओलांडला आणि धापा टाकत वर चढायला लागला. वीस मिनिटं लागली. एवढ्या वेळात एक माणूस जागचा हलला नाही. मास्तरांनी वही मिटून खिशात घातली.

वर आला आणि लेकीसमोर उभा राहिला खांबासारखा. जगभराचं बोलणं परत करणारा माणूस, त्याला आता एक शब्द सुचेना. मग त्याने आपली माकडटोपी काढली, वाकला आणि मिनीच्या डोक्यावर घातली. ती तिच्या हनुवटीपर्यंत उतरली.

"काही दिसत नाहीये," आतून मिनी म्हणाली.

"काही दिसत नाहीये," जमनदा म्हणाला. सवयच ती. आणि तसाच उभा राहून लहान पोरासारखा रडायला लागला. हंसीने त्याच्या गळ्यात हात टाकले.

"शपथ मोडलीत ना बौज्यू?"

"मोडली," तो म्हणाला. "देवाला एक घंटा बांधीन. तू आधी घरी चल. तुझी भिटौली द्यायचीय."

चौघं निघाली. मिनी त्याच्या खांद्यावर, टोपी आता कपाळावर सरकवलेली. मला वाटलं कुंदन डोकं धरून बसेल, पण तो गाडीतून खडू घेऊन आला आणि टपरीच्या फळीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "आज प्रतिध्वनी बंद. लेक आलीय."

दुपारी अहमदाबादची एक गाडी आली. त्यातल्या बाईंनी ते वाचलं, दोनदा वाचलं. कुंदन आठाचे सात कसे झाले ते समजावायला पुढे सरसावला, तर त्यांनी त्याला हातानेच थांबवलं.

"किती वर्षांनी आली?" त्यांनी मला विचारलं.

"सहा."

"मग उद्याही बंदच ठेवा," बाई म्हणाल्या.