यज्ञ थांबतो तो प्रसंग

माझा धाकटा भाऊ उसाला पाणी द्यायला गेला असताना घोणस चावून गेला. त्यानंतर काही महिन्यांनी एक तरुण दिग्दर्शक माझ्या सांगलीच्या घरी आला. मूळचा उंब्रजचा, आता मुंबईत असतो. नागयज्ञाच्या जुन्या कथेवर त्याला भव्य चित्रपट करायचा होता. पाताळातली नगरी, उडते नाग, आभाळाला भिडणारं यज्ञकुंड, सगळं संगणकावर. मी कॉलेजात संस्कृत शिकवलेलं, म्हणून पटकथा-संवाद मी लिहावेत, असं त्याचं म्हणणं.

"आणि मॅडम, राजाचे वडीलसुद्धा सर्पदंशानंच गेले. त्याचं दुःख तुम्हाला बरोबर कळेल," चहा पिता पिता तो म्हणाला.

मला राग आला नाही. काम हवंच होतं.

मूळ कथेत राजा सूडापोटी सगळे नाग आगीत ओढून घेतो. शेवटी एक तरुण ऋषी येऊन यज्ञ थांबवण्याचं दान मागतो आणि दिलेल्या शब्दात अडकलेला राजा थांबतो. दिग्दर्शकाला हा शेवट नको होता. "एवढं सगळं करून राजाच्या वडिलांना चावलेला नाग वाचतो? लोक खुर्च्या फोडतील. जळू दे त्याला."

मी विरोध केला नाही. त्या नागाच्या जळण्याचा प्रसंग मी लिहिला, आणि तो चांगला उतरला. नागपंचमी झाली की पाठवते, असं कळवलं.

चतुर्थीला गावी गेले. वर्षभर सण करायचा नाही असं घरात ठरलं होतं. भावजय, गेलेल्या भावाची बायको, शिराळ्याची; तिकडे नागपंचमी मोठी. तिनं देवळीत मातीचा नाग करून ठेवला होता. तिनं चहा मला एकटीलाच दिला.

"तू?"

"माझा उपास हाय, वन्सं."

आमच्याकडे चतुर्थीला बायका भावासाठी उपास धरतात. नाग हाच भाऊ मानतात. मीही दरवर्षी धरायचे. यंदा कुणासाठी धरणार?

"अगं, त्यानंच नेलं ना त्याला?"

"व्हय, त्यानंच." ती भांडी पुसत राहिली. "पर माझा भाऊ तिकडं बॉर्डरवर हाय. त्येच्यासाठी मी उपास सोडू व्हय?" मग म्हणाली, "आन् उद्या इळीला हात लावू नका. तुमचा भाऊ मागल्या साली पंचमीदिवशीच कांदा चिरत बसला हुता. एवढं शिकून काय उपेग!"

सांगलीला परतल्यावर लिहिलेला प्रसंग पुन्हा वाचला. मूळ कथेत त्या ऋषीला त्याची आई पाठवते. ती नागराजाची बहीण. सगळ्या नागांबरोबर भाऊही जळेल म्हणून ती आपल्या मुलाला यज्ञाला पाठवते. वर्षानुवर्षं मी हे वर्गात सांगत आले होते. पटकथेत तिला जागाच नव्हती. मी तिचा प्रसंग लिहिला, आणि मग शेवट बदलून पाठवून दिला.

दिग्दर्शकाचा फोन आला. "मॅडम, ही बहीण कुठून आली?"

"ती कथेत आहेच."

"बरं, असू दे. पण राजा नुसता तुपाची पळी खाली ठेवतो? डायलॉग नाही? त्यानं नागांना माफ केलंय, हे कसं कळणार?"

"माफ केलेलं नाही."

"मग त्याच्या दुःखाचं काय?"

"ते तसंच राहतं," मी म्हणाले.

निर्मात्यांशी बोलून कळवतो, असं तो म्हणाला.