दादाच्या रक्तातली चरबी

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. मध्यंतरी कराडच्या दवाखान्यात माझा लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी झाली, तेव्हाही टाळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, एलडीएल फार वाढलंय. घरात कुणाला हार्टचा त्रास होता?"

मी "नाही" म्हणालो.

होता. माझ्या थोरल्या भावाला.

एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल. रक्तवाहिनीच्या आत त्याचा थर बसतो आणि वाट अरुंद होते. ते घराण्यात चालत येतं, सडपातळ माणसालाही सोडत नाही. दादा तर माणच्या माळावर मेंढरांमागं चालून नुसता काटकुळा झालेला.

आमचं वाकडं होतं. माझ्या मुलीची सोयरीक त्याला न विचारता ठरवली, म्हणून लग्नात मी दिलेली मानाची टॉवेल-टोपी त्यानं भर मांडवात माझ्या पायाशी टाकली. "ह्येच्या हातचं नगं," म्हणाला. ते मी मनात धरून बसलो.

पुढं दहिवडीच्या डॉक्टरांनी त्याला रक्तात चरबी आहे म्हणून स्टॅटिन, म्हणजे चरबी कमी करणारी रोजची गोळी दिली. चहाच्या हॉटेलात तो हे कुणाला तरी सांगत होता. मी पलीकडच्या बाकावर होतो.

"चरबी हुतीच की," मी मोठ्यानं म्हणालो. "मांडवात समद्यांनी बघितली. आता डाक्टरला बी घावली."

सगळं हॉटेल हसलं. दादा मान खाली घालून उठला. खोटं कशाला बोलू, मला लय बरं वाटलं. मग गावानंच धरलं, "दादा, उतरली का चरबी?" विषय थंडावला की मी पुन्हा काडी टाकायचो.

दादानं गोळ्या बंद केल्या. वैनी नंतर म्हणाली, "भावजी, गोळीचं नाव काढलं की अंगावर यायचं. लोक हसत्यात म्हनायचं."

ज्यांच्या घरी असा रिपोर्ट आलाय त्यांना सांगतो. काही दुखत नाही म्हणून किंवा कुणी हसतं म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी सोडू नका. दुसऱ्या खेपेला मी कराडच्या डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. त्यांनी मुलांचीही तपासणी करायला लावली. माझी गोळी आता चुकत नाही.

दादाला अटॅक आला तेव्हा त्याला साताऱ्याला हलवलं. आयसीयूत एकेकालाच सोडत होते. बाहेर बसून मी शब्द जुळवले: दादा, चुकलं माझं. राग गेला नव्हता, मांडव डोळ्यासमोरून हलत नव्हता. तरी म्हणणार होतो.

दादानं डोळे उघडले. "कशानं आलास रं?"

"यष्टीनं."

"जागा घावली?"

"घावली की."

सिस्टरनं वेळ संपली म्हणून सांगितलं. संध्याकाळच्या भेटीत म्हणू, असं ठरवून मी औषधं आणायला खाली गेलो. पिशवी घेऊन वर येताना वैनीचा हंबरडा जिन्यातच ऐकू आला.