आईच्या कार्डावरचा शिक्का

आईच्या रेशनकार्डावर ‘गॅसधारक’ हा शिक्का मी माझ्या हाताने मारला. तोही जरा जोरातच.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. पोलादपुरात मी रेशनकार्डांच्या टेबलावर कारकून होतो. ज्याच्या घरी गॅस आला त्याच्या कार्डावर शिक्का मारायचा आणि त्याचं रॉकेल बंद करायचं, असा नियम होता. कागदावर तो मोठा सरळ दिसे. गॅस असताना रॉकेल हवंच कशाला?

गॅस मीच हौसेने घेतला होता, आईच्या डोळ्यांत धूर जातो म्हणून. आमचे अव्वल कारकून म्हणाले, “आईचं कार्ड तेवढं पावसाळा सरेपर्यंत ड्रॉवरात राहू द्या.” पण आमच्या गावी, कापड्यात, रेशन दुकानासमोर बोललं जात होतं की कारकुनाच्या घरचं कार्ड कोरंच राहणार. मी कार्ड, शिक्का आणि शाईची गादी पिशवीत घालून गावी नेली आणि चार माणसांदेखत मारून दाखवला. शिक्का कचेरीबाहेर नेणं हेच नियमाबाहेर होतं, पण नियम पाळायच्या भरात ते सुचलं नाही.

भर आषाढात सिलिंडर संपला. भरलेला मिळे तो महाडला. तो खांद्यावर घेऊन एसटीच्या दारात उभा राहिलो, तर कंडक्टरने हात आडवा केला.

“गाडीत गॅस चालत नाय.”

“अहो, मी सरकारी माणूस आहे.”

“मग तर नियम ठाऊकच आसंल.”

त्या पावसात जीपवाला कापड्याकडे यायला तयार होईना. सिलिंडर महाडातच ओळखीच्या दुकानात ठेवला आणि हात हलवत घरी पोचलो.

आई चुलीपुढे वाकून फुंकत होती. लाकडं ओली. दर पावसाळ्यात ती गोवरीचा तुकडा रॉकेलात बुडवून चूल पेटवायची. लाइट गेली की, आणि ती चार चार दिवस जायची, कंदीलही त्याच रॉकेलावर. आता डबा कोरडा होता. ज्या धुरातून तिला सोडवायला निघालो होतो, तो घरभर भरला होता आणि तिचे डोळे लाल झाले होते.

एवढ्यात शेजारची काकी दारात आली. हातातल्या बाटलीत चार बोटं रॉकेल.

“घे गो. त्यात लाजायचं काय?”

जिने उभ्या जन्मात कुणाकडे मीठ मागितलं नव्हतं, त्या आईने मान खाली घालून बाटली घेतली. गोवरी भिजवली, काडी ओढली. चूल धरली.

आज माझ्या घरात बटण दाबलं की आच मिळते. सगळं स्वच्छ, बिनवासाचं. तरी पाऊस लागून राहिला की मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो. भिजल्या गोवरीचा, रॉकेलाचा, आईच्या लुगड्यातल्या धुराचा तो एकत्र वास एकदा तरी यावा. त्यासाठी डोळे चुरचुरले तरी चालतील. बायको विचारते, काय शोधताय? मी म्हणतो, काही नाही.

त्या दिवशी चहा झाला. मी हिरिरीने सांगू लागलो, की शिक्का खोडायचा अर्ज करतो, वर लिहितो. आईने कप माझ्यापुढे सरकवला.

“पी गुमान. काकीच्या कार्डावर झालाय ह्यो. तुझ्या शिक्क्यावर पानीबी तापलं नसतं.”