सुंठीच्या बिस्किटांचा दरवाजा

आमच्याकडं दिवाळीआधी घरचं पीठ, तूप, साखर घेऊन भट्टीवर जायचं आणि नानकटाई भाजून आणायची, ही रीतच होती. एका वर्षी मी साखरेऐवजी गूळ घेतला, वर मूठभर सुंठ, आणि भट्टीवाल्या चाचांना म्हटलं, "यंदा मला विटा भाजून द्या." आपल्या शहराच्या जुन्या दरवाजांसारखा एक कमानीचा दरवाजा उभा करायचा होता मला, पण खायचा!

सासूबाई कडाडल्या. "करंज्या सोडून ही गवंडीण झाली! कमान पडली तर पुढच्या दिवाळीपासून पिठा-तुपाला हात लावायचा नाय."

"आणि नाय पडली तर?"

"तर तुझं राज्य."

मग काय, दोन खांब रचले. मधे पाटांच्या चवडीवर वनस्पती तुपाचा रिकामा गोल डबा आडवा ठेवला, त्याला तूप लावलेला कागद गुंडाळला. एका टोकाला निमुळत्या कापलेल्या विटा गुळाच्या पक्क्या पाकानं चिकटवत दोन्हीकडून वर नेल्या, आणि माथ्यावरची शेवटची बसवली. पाक दगडासारखा होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

"डब्यावर कुणाचंबी उभं राहतंय," सासूबाई म्हणाल्या. "काढ डबा."

मी ओढून काढला. थोडा चुरा पडला. कमान तश्शी उभी.

"बरं, फोड आता. चहासंगं खाऊ."

"नाय. भाऊबीजेपर्यंत कुणी हात लावायचा नाय. राज्य माझं हाय."

पुढच्या वर्षी मी दुप्पट पीठ घेऊन भट्टीवर गेले, कुणाला न विचारता.