वेशीतल्या चपला

ये गं, अशी जवळ सरक. फोनवर तू सारखी घाईत असतेस, म्हणून हे कागदावर लिहून राहिले. वाचताना तरी माझ्या मांडीशी बसल्यासारखी बस. परवा तू गेटवेपुढचा फोटो पाठवलास आणि वर म्हणालीस, आजी, एवढ्या गर्दीत बघायचं काय, दगडाची कमानच तर आहे. असं बोलतात होय? त्या कमानीखाली तुझी पणजी उभी राहिली होती, अन् तेव्हा मला आलेला संताप अजून उतरलेला नाही.

पणजी म्हणजे माझी सासू. आपलं गाव अहमदपूरपासून आत. गावाला दगडी वेस, आणि आपली वस्ती वेशीबाहेर. आत जायचं तर आपल्या माणसांनी पायातलं काढून हातात घ्यायचं, असा जुना रिवाज. छप्पन साली आपण बौद्ध झालो, कायदे बदलले, रिवाज मात्र वेशीच्या ओट्यावर तसाच बसून राहिला.

मी लग्न होऊन आले, पाठोपाठ मोठा दुष्काळ आला. आम्ही दोघी सडकेच्या कामावर खडी फोडायला जायचो. फुटक्या दगडांवर अनवाणी राहून सासूच्या टाचा चिरल्या, तेव्हा तिनं टायरच्या चपला घेतल्या. जन्मातल्या पहिल्या. पाण्याचा टँकर यायचा वेशीच्या आत, चावडीपुढं. सासू घागर घेऊन तशीच चपलांसकट वेशीत शिरली. ओट्यावरचा एक म्हातारा, बोलायला अगदी गोड, म्हणाला, "काय गं, दुष्काळात समद्यांचे पाय खंगले, तुझेच कसे वर आले?" बसलेले हसले. सासूनं चपला काढल्या, काखेत धरल्या आणि तापल्या फरशीवरून पुढं गेली. त्याच म्हाताऱ्याच्या सुना आमच्या शेजारी बसून खडी फोडायच्या, हे ध्यानात घे. खडी एकच, ऊन एकच, अन् वेशीत आल्यावर तेवढे पाय वेगळे!

पुढं लातूर जिल्हा वेगळा झाला. लोकांनी गुलाल उधळला, पेढे वाटले. त्याच वर्षी डिसेंबरात आम्ही सासूला घेऊन चैत्यभूमीला गेलो. लातूरहून रेल्वेच्या छोट्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई. वंदन झाल्यावर तुझे आजोबा म्हणाले, आईला समुद्र अन् गेटवे दाखवू.

सासू लांबूनच कमान बघून थांबली. "लई मोठी वेस हाय की," म्हणाली. मी काही बोलायच्या आत ती खाली वाकली, चपला काढल्या आणि काखेत मारल्या.

कुणी हटकलं नव्हतं गं. समोर समुद्र, कबुतरं, फुगेवाले. ओळखीचं एक माणूस नाही. तरी हात पायाकडं गेला. एक फोटोवाला हसून म्हणाला, आजी, हे मंदिर नाही. त्याच्यावर मी चिडले नाही, त्याला काय ठाऊक. मला तो ओट्यावरचा गोड म्हातारा आठवला. एवढ्या लांब तिच्या मानेवर बसून आला होता मेला, अन् तेही बिनतिकिटाचा.

सासूनं तुझ्या आजोबांना विचारलं, ही वेस कुणाची. ते म्हणाले, इंग्रजांनी बांधली, त्यांचा राजा बोटीनं इथं उतरला त्याची आठवण म्हणून. अन् राज्य गेल्यावर त्यांची शेवटची पलटण ह्याच कमानीतून बोटीवर चढली.

"पायात काय होतं त्यांच्या?"

"बूट असतील की."

"जाताना बी काढले न्हाईत?"

"न्हाई."

तिनं जरा विचार केला, चपला खाली टाकल्या, पाय सरकवले आणि कमानीतून पार समुद्राच्या कठड्यापर्यंत गेली. परत आली अन् पुन्हा गेली. टायर फरशीवर फटफट वाजत होतं. मला वाटलं, सुटली बाई एकदाची.

गावी आलो. घरात रॉकेल नव्हतं, म्हणून आम्ही दोघी दुकानाकडं निघालो. वेस आली. ओटा भरलेला होता. सासूचा हात खाली गेला. मी म्हणाले, "आत्याबाई, मुंबईत घातल्या ना? राहू द्या की."

चपला काखेत धरत ती हळू म्हणाली, "तितला राजा गेला, बाई. हितले अजून ओट्यावर हायेत."

मी माझ्या पायातल्या काही काढल्या नाहीत. त्यानंतरही कधी नाही. पण तिच्या शेवटपर्यंत काखेतच राहिल्या.

आता त्या ओट्यावर म्हाताऱ्याचे नातू बसतात. नमस्कार करतात, चहा पाजतात आणि म्हणतात, काकू, जुनं उगाळू नका. का नको? ज्यांना चटके बसले त्यांनी विसरायचं, अन् जे हसले ते तर तेव्हाच विसरून बसलेले. मग ध्यानात ठेवायचं कुणी, त्या दगडांनी?

तू येतेस ती मोटारीतून, नव्या रस्त्यानं थेट वस्तीवर. वेस तू धड बघितलेलीसुद्धा नाहीस. ह्या खेपेला एसटीनं ये. मी फाट्यावर येऊन थांबते. चांगल्या वाजणाऱ्या चपला घालून ये. दोघी वेशीतून दुकानापर्यंत जाऊ, साखर घेऊ, अन् त्याच वाटेनं सावकाश परत येऊ. माझे गुडघे दुखून राहिलेत, फार दिवस लावू नकोस. लवकर ये.