आक्काचं रेडकू

आक्का कुणावर ओरडलेली मी कधी ऐकली नाही. आणि माझं ओरडणं ऐकलं नाही असा माणूस आमच्या ऑफिसात नव्हता. विश्रामबागेत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी. तिथं मी टीम लीडर, म्हणजे कोड अडला की सगळ्यात आधी आवाज चढवणारा. वर दात काढतात का, असं खालचे पेशंट डॉक्टरांना विचारत म्हणे.

आक्का आमची टेस्टर. माझ्याहून बरीच लहान, तरी सगळे तिला आक्काच म्हणत. नवरा फौजेत, घरी ऊस, सासू-सासरे आणि म्हशी. सकाळची धार काढून ती आष्ट्याहून एसटीनं यायची, तरी ताजीतवानी. मी चार गल्ल्यांवरून स्कूटरनं येऊन दमलेला. माझी चूक सापडली की ती हळूच खुर्ची ओढून शेजारी बसायची. मी कीबोर्ड आपटायला लागलो की म्हणायची, "आवं सर, आरडून म्हस दूध देती व्हय? उलट पान्हा चोरती."

एकदा रागाच्या भरात मी एंटरचं बटणच उखडलं. पुढच्या आठवड्यात आक्कानं माझ्या मशीनवर काहीतरी बसवलं, आणि मी कोड लिहितो त्या खिडकीच्या तळाशी एक काळं रेडकू येऊन उभं राहिलं. अशी मांजरं, पांडे इंटरनेटवर फुकट मिळतात. "पण आपल्यात पांडा कुणी पाळलाय?" म्हणत तिनं घरच्या रेडकाचे फोटो काढून स्वतःच हे ॲड-ऑन बनवलं होतं. शांतपणे टाइप केलं की ते रवंथ करी. बटणं बडवली की पाठ फिरवी. आणि न उठता फार वेळ बसलं, तर सरळ कोडवर शेण टाकी. पाच मिनिटं कीबोर्ड सोडल्याशिवाय ते साफ होत नसे.

"मी काय लहान मूल आहे?" मी चिडलो.

"न्हाई सर. ल्हान पोरं ऐकत्यात."

मी ते काढून टाकणार होतो. पण काढायचं कसं हे टेस्टरला विचारायची टीम लीडरला लाज वाटली. चार दिवसांत मी त्याच्याकडे बघत हळू टाइप करायला लागलो.

मग मुंबईच्या क्लायंट मॅडमना ऑनलाइन काम दाखवायचा दिवस आला. पुढचं कंत्राट त्यावर अवलंबून होतं. मी कोड उघडून, बटणं दाबत इतका वेळ बोललो, की रेडकानं भर मीटिंगमध्ये आपलं काम उरकलं.

"हे काय पडलं?" मॅडमनी विचारलं.

"परफॉर्मन्स इंडिकेटर," मी ठोकून दिलं.

"तपकिरी म्हणजे चांगला की वाईट?"

शेजारून आक्का म्हणाली, "मॅडम, शेण हाय ते. सरांनी आता उठायला पायजे."

पलीकडे मॅडम खो खो हसल्या. "मग उठा की!" मी उठलो. काम आम्हालाच मिळालं, आणि ऑफिसात माझं नाव 'इंडिकेटर' पडलं.

त्या पावसाळ्यात आक्का अचानक दोन दिवस आली नाही. आली तेव्हा डोळे सुजलेले. "रेडकू गेलं, सर. डॉक्टर आला, सलाईन लावली, पर न्हाई टिकलं."

माझ्या पडद्यावरचं मात्र निवांत रवंथ करत होतं. "हे काढू का?" मी विचारलं. काढायचं कसं, ते अजूनही येत नव्हतं.

तिनं पडद्याकडे बघितलं. "ऱ्हाऊ द्या. ह्ये तरी खातंय."

वर्षभरानं नवऱ्याला फॅमिली क्वार्टर मिळालं आणि आक्कानं नोकरी सोडली. जायच्या आधी तिनं आम्हाला आष्ट्याला जेवायला बोलावलं. हात धुऊन मी गोठ्याकडं गेलो. त्या रेडकाची आई बांधलेली होती. मी लांबच थांबलो.

"भ्या वाटतंय व्हय?" आक्का मागून म्हणाली. माझा हात धरून तिनं म्हशीच्या कपाळावर ठेवला. "आता काय बोलू नका. नुसतं हुबं ऱ्हावा."

खिशात मोबाईल वाजायला लागला. सर्व्हर बंद पडला असणार. म्हशीनं कान हलवला. मी हात काढला नाही.